बेक्ड बीन्सना फुटल्या शेपट्या

मंडळी, आज माझ्या हातून एक घोटाळा झाला!

शेजारच्या वॉल्टरची बायको हेलन पाय मोडून हॉस्पिटलात होती. तिथलं अन्न तिच्या घशाखाली उतरेना. आज ती घरी येणार, म्हणून तिच्या पद्धतीचे बेक्ड बीन्स वॉल्टर जन्मात पहिल्यांदा करणार होता. "नुसते भिजवून ठेवाल का?" असं म्हणून परवा त्याने पांढरे बीन्स माझ्याकडे दिले.

मी भिजवले आणि काल हाताच्या सवयीने फडक्यात बांधून, नुसता आतला दिवा लावलेल्या उबदार ओव्हनमध्ये ठेवले. इथे अमेरिकेत, ॲन आर्बरच्या थंडीत आमच्या मटकीला असेच मोड येतात ना! सकाळी गाठोडं सोडलं, तर बीन्सना शेपट्या. वॉल्टरचा चेहराच पडला. नवे भिजवायला वेळ नव्हता. मग तेच उकडले आणि काकवी, मोहरीची पूड, कांदा घालून मातीच्या भांड्यात संध्याकाळपर्यंत मंद ओव्हनमध्ये ठेवले.

हेलनने घास घेतला. चमचा वर धरून म्हणाली, "वॉल्टर, यांना शेपट्या आहेत!" आणि खळखळून हसली. मग वाटी पुढे केली, "आणखी वाढ."

वॉल्टर माझ्या कानाशी म्हणाला, "पुढच्या वेळीही तुम्हीच भिजवा."

तुमचं माणूस दुखण्यातून घरी आलं, तेव्हा त्याने पहिल्यांदा काय मागून खाल्लं?