शेवटच्या अकरा ओळी

माठात वाळ्याची जुडी सोडून तास-दोन तास झाले की पाण्याला वास येऊ लागतो. लोक त्याला ओल्या मातीचा वास म्हणतात, पण तो नेमका मातीचा नाही. मातीखाली फार काळ राहिलेल्या गोष्टीचा तो वास आहे. यंदा एप्रिल लागताच वसईत उकाडा सुरू झाला. सुनेने बाजारातून जुडी आणली, दोऱ्याने बांधून माठात टाकली आणि दुपारी पहिला पेला तोंडाला लावताना मला कतारच्या दोहा शहरातलं, अल नस्र भागातलं एक किराणा दुकान आठवलं. दरवर्षी आठवतं. मजकूर कुठे थांबवायचा हे मी तीस वर्षं ठरवत आलो. वासाच्या बाबतीत ते जमत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तिथल्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो आणि तो, कॅरिबियनमधल्या हैतीचा, त्याच दैनिकात अनुवादक होता. फ्रेंच वृत्तसंस्थांच्या बातम्या तो इंग्रजीत आणायचा. उंच, किंचित वाकलेला, शर्टाची वरची गुंडीही लावणारा माणूस. आम्ही दोघं अल नस्रमध्ये शेजारशेजारच्या इमारतींत राहत होतो, म्हणून ऑफिसच्या एकाच गाडीने येत-जात होतो. एका गुरुवारी मी मलबारी दुकानदाराकडे तूरडाळ घेत होतो आणि तो माझी वाट पाहत मागच्या फळीपाशी उभा होता. मी वळून पाहिलं, तर त्याने वाळ्याचं पाकीट नाकाशी धरलं होतं आणि डोळे मिटले होते.

“हे इथे कसं आलं?” त्याने विचारलं.

“आमच्याकडून आलं. उन्हाळ्यात पाण्यात घालतो.”

“पाण्यात?” तो हसला. “आमच्या डोंगरात माणसं हे खणून काढतात, उकळून तेल काढतात आणि ते फ्रान्सला जातं. अत्तराच्या बाटलीवर पॅरिसचं नाव असतं. आमचं नाव कुठेच नसतं.”

त्याने ते पाकीट विकत घेतलं आणि पाण्यात न घालता कपाटात, कपड्यांच्या घडीत ठेवलं. त्यानंतर त्याच्या शर्टांना वाळ्याचा वास यायचा. वातानुकूलित बातमीकक्षात, कागद आणि शिळ्या चहाच्या वासात तो जवळून गेला की मला आमच्या स्वयंपाकघरातला माठ दिसायचा. दोन माणसांची गावं पृथ्वीच्या दोन टोकांना असावीत आणि त्यांचा उन्हाळा एकाच मुळीत असावा, याचं मला तेव्हा आश्चर्य वाटायचं. आता वाटतं, हे आश्चर्य तेव्हाच नीट बोलून दाखवायला हवं होतं.

हैतीबद्दलची कुठलीही बातमी आली, वादळाची असो की निवडणुकीची, तिच्या शेपटीला एक वाक्य ठरलेलं असायचं: ‘पश्चिम गोलार्धातला सर्वांत गरीब देश.’ वृत्तसंस्था कुठलीही असो, वाक्य तेच. संपादकीय टेबलावर कोणी ते मोठ्याने वाचलं की तो मान वर न करता उत्तरादाखल एका माणसाची गोष्ट सांगायचा. गुलाम म्हणून जन्मला आणि साम्राज्याच्या फौजांना पुरून उरला तो सेनापती. स्वातंत्र्य अवघ्या काही महिन्यांवर असताना तो फ्रान्सच्या एका थंड डोंगरी किल्ल्यात कैदेत मेला. अमेरिकेतल्या एका मोठ्या सरोवराकाठी पहिलं कायमचं घर बांधणारा व्यापारी. त्या घराभोवती पुढे महानगर उभं राहिलं, आणि तो मूळचा आमच्याच बेटावरचा, असं हा अभिमानाने सांगे. ऑलिंपिकमध्ये लांब उडीत रौप्यपदक मिळवणारा खेळाडू. काँगो स्वतंत्र झाला तेव्हा तिथल्या शाळा आणि दवाखाने चालवायला गेलेले शिक्षक आणि डॉक्टर. विश्वचषकात इटलीच्या ज्या गोलरक्षकाला कित्येक सामने कोणी चकवू शकलं नव्हतं, त्याला चकवणारा फुटबॉलपटू.

“मग सामना जिंकलात की नाही?” क्रीडापानावरच्या कोणीतरी डिवचलं.

“हरलो. पण आधी गोल आम्ही केला.”

पुढे ती टेबलाची सवयच झाली. तो आत आला की कोणी ना कोणी विचारायचं, “आज कोण?” आणि तो खुर्चीला जाकीट अडकवत सांगायचा, “आज चित्रकार.” आम्ही हसायचो. त्यात कुचेष्टा नव्हती, निदान फारशी नव्हती. पण यादी वाचणाऱ्याला ती यादी का करावी लागते, हे आम्हा कोणाच्या मनात आलं नाही. माझ्या घरी माझी मुलगी मराठीतला प्रश्न ऐकून इंग्रजीत उत्तर द्यायची आणि मला त्याचा राग यायचा. एकदा त्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला की त्याच्या शाळेत फ्रेंच सोडून घरची क्रेओल भाषा बोललं तर छडी मिळायची. फक्त एक मास्तर दार लोटून घ्यायचे आणि गणित त्या भाषेत शिकवायचे. “भागाकार मला अजून त्याच भाषेत येतो,” तो म्हणाला होता.

२००४च्या एक जानेवारीला हैतीच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं होत होती. पुरवणीचं एक पान माझ्याकडे असायचं. डिसेंबरात तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “ती यादी मी लिहितो. तू छाप.” मी आनंदाने हो म्हटलं. त्याने तीन आठवडे लिहिलं. मजकूर हातात देताना तो थोडा थांबला आणि म्हणाला, “शेवटचा परिच्छेद मास्तरांचा आहे. ते अजून आहेत. मी गावच्या पाद्र्यांच्या फोनवर त्यांना सांगितलंय, तुमचं नाव छापून येणार. त्यांना इंग्रजी येत नाही, पण आपलं नाव ते ओळखतील.”

तो परिच्छेद अकरा ओळींचा होता. वरची सगळी नामवंत माणसं सांगून झाल्यावर त्याने लिहिलं होतं की मॉन्ट्रियलच्या रुग्णालयातली एक डॉक्टर, काँगोत गेलेला एक शिक्षक आणि ही ओळ लिहिणारा, असे आम्ही तिघं डोंगरातल्या एकाच पत्र्याच्या खोलीतून बाहेर पडलो. ती खोली रोज सकाळी उघडणारा माणूस ऐंशी ओलांडूनही ती अजून उघडतो. देशाबाहेर त्याचं नाव कोणी ऐकलेलं नाही, म्हणून ते इथे लिहून ठेवतो. पुढे नाव होतं. त्यातल्या एका अक्षरावर तिरकी रेघ होती, ती आमच्या टंकात निघत नव्हती. मी त्याला बोलावून स्पेलिंग विचारून घेतलं. इतकी काळजी मी घेतली होती.

बातमी लिहिणारा महत्त्वाचं ते आधी लिहितो आणि उरलेलं उतरत्या क्रमाने. म्हणून जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापतो. त्यात विचार करावा लागत नाही, हाच त्या पद्धतीचा फायदा. पान लावायच्या दुपारी चार वाजता जाहिरात विभागातून निरोप आला की गालिच्यांच्या दुकानाची जाहिरात दोन बोटं वाढली आहे. मी पडद्यावर त्याच्या लेखाच्या तळाशी गेलो आणि अकरा ओळी उडवल्या. पान अचूक बसलं. तो त्या वेळी खालच्या मजल्यावर उपाहारगृहात होता. जिन्यातून हाक मारली असती तरी त्याला ऐकू गेली असती. नंतर वर पुन्हा एकदा नजर टाकताना मला वाटलं, वाचकाला देशाची ओळख करून द्यायला हवी. म्हणून पहिल्या परिच्छेदात, ओळीच्या शेवटी उरलेल्या रिकाम्या जागेत, मी ते ठरलेलं वाक्य घातलं. हात आपोआप गेला. ते लिहिताना माझ्या मनात काहीही नव्हतं, आणि आज मला सर्वांत जास्त लाज त्याचीच वाटते.

सकाळी तो दहा अंक घेऊन गाडीत बसला होता. पान उघडं होतं. मी बसलो, तसं त्याने ते घडी केलं. अंकांचा गठ्ठा मांडीवर ठेवला. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा अगदी साध्या आवाजात म्हणाला, “तू एक ओळ वाढवलीस. तिच्यासाठी जागा होती.”

मी जाहिरातीचं सांगितलं. खालून कापायची पद्धत सांगितली, जणू ती त्याला ठाऊक नव्हती. त्याने विचारलं, दुरुस्ती छापता येईल का? मी म्हटलं, दुरुस्ती चुकीची छापतात, गाळलेल्याची नाही. “मग पुढच्या महिन्यात कधी?” मी म्हटलं, “इन्शाल्ला.” ‘नाही’ म्हणायचं टाळायला तो शब्द आपण तिथे कसा वापरतो, हे त्या शहरात राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यालाही माहीत होतं.

तो ऑफिसच्या दाराशी उतरून आत गेला. गाडी चालवणारा साताऱ्याकडच्या माण तालुक्यातला होता. बायको-मुलं गावी, आणि हा आठ वर्षं शहराबाहेरच्या मुऐदर वस्तीत सहा जणांच्या खोलीत राहत होता. त्याला आमचं इंग्रजी कळायचं तेवढं कळायचं.

“सायेब, आज फ्रेंचसायेब गप हुतं. काय झालं?”

मी थोडक्यात सांगितलं.

“म्हंजे मास्तरचं नाव शेवटाला हुतं, म्हणून कापलं व्हय?”

“तशी पद्धतच असते.”

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. “आमच्यात घरधनी पंगतीत शेवटाला बसतो. म्हणून त्याला ताट न्हाई का?” मग बहुधा जास्त बोललो असं वाटून तो म्हणाला, “जाऊ द्या, खलास. उतरा आता, यल्ला, मला परत विमानतळावर जायचंय.”

पुढच्या महिन्यात हैतीचं सरकार उलथलं आणि तो देश रोज आमच्या पानांवर येऊ लागला. जागेची कमतरता नव्हती. बातम्या होत्या, छायाचित्रं होती, आणि प्रत्येक बातमीखाली ते वाक्य होतं. तो ते अनुवादित करायचा. टेबलावर आता कोणी “आज कोण?” असं विचारत नव्हतं. पाद्र्यांशी फोनवर बोलणं झालं की तो मला कधीतरी सांगायचा: मास्तर अंकाचं पाकीट आलं का म्हणून विचारायला येऊन गेले. तक्रारीच्या सुरात नाही; हवामान सांगावं तसं. त्या दहा अंकांपैकी एकही त्याने पाठवला नव्हता. नाव नसलेला कागद त्या माणसाच्या हातात काय म्हणून द्यायचा? मी दर आठवड्याला पान लावताना मनाशी म्हणायचो, या वेळी त्या अकरा ओळींचं काहीतरी करू. लहानशी चौकट पुरली असती. दर आठवड्याला काहीतरी निकडीचं येत राहिलं. खरं सांगायचं तर निकडीचं असं त्यात फारसं काही नसायचं.

मे महिन्यात एका दुपारी तो माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, “आता घाई नाही.” एवढंच. मास्तर गेले, हे मला कळायला क्षणभर वेळ लागला. ऑगस्टमध्ये तो बहिणीकडे मॉन्ट्रियलला गेला. निरोपाच्या दिवशी त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला, माझ्या मुलीला खाऊ दिला आणि मला काहीही सुनावलं नाही. सुनावलं असतं तर ते प्रकरण कदाचित माझ्यापुरतं संपलं असतं.

पुढच्याच वर्षी हैतीत जन्मलेली, लहानपणी देश सोडून गेलेली एक पत्रकार स्त्री कॅनडाची गव्हर्नर जनरल झाली. बातमी माझ्या हाताखालून गेली. तळाशी ते वाक्य होतं. मी ते कापलं आणि बाकी बातमी पूर्ण लावली, त्यासाठी शेजारची दुसरी बातमी आखडली. कोणाच्या लक्षात आलं नाही. त्याला अंक कुठे पाठवायचा तो पत्ता माझ्याकडे नव्हता.

हे सगळं मी आज लिहिलं, त्यात एक गोष्ट लिहायची राहिली आहे, आणि ती राहणार आहे. कापलेला मजकूर आमच्या संगणकावर तीस दिवस राहायचा आणि मग पुसला जायचा. मी छापील पान जपून ठेवलं. त्याची मूळ प्रत ठेवली नाही. तारखा मला लक्षात राहतात, पानाची मापं राहतात. त्या परिच्छेदातल्या ओळी अकरा होत्या हे राहिलं, तिरकी रेघ राहिली, स्पेलिंग सांगताना एकेका अक्षरावर थांबणारा त्याचा आवाज राहिला. मास्तरांचं नाव राहिलं नाही. पुष्कळ वेळा जवळ येतं आणि जातं. वाळ्याचं पाणी पिताना सर्वांत जवळ येतं.

जुडी तिसऱ्या दिवशी काढून उन्हात वाळवली की पुन्हा वास देते. सूनबाई म्हणतात, महिनाभर चालेल. मी रोज दुपारी एक पेला पितो आणि थोडा वेळ थांबतो.