गयाबाईंची सून आणि दोन ट्यूब रक्त

आमच्या लॅबचा फ्रीज रोज संध्याकाळी रिकामा होतो, कारण रक्ताचे नमुने पुण्याला जातात. किस्से मात्र कुणी नेत नाही. ते इथंच भोरला माझ्याकडं साठत राहतात, आणि पोटात काही ठेवायची मला सवय नाही. नवरा ऐकून ऐकून कंटाळला. आता तुम्ही सापडलात.

मी कविता, एका छोट्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन. आमच्या डॉक्टर मॅडम दर गुरुवारी विंझरला गरोदर बायकांना तपासायला जातात आणि मी सुया नि आइसबॉक्स घेऊन त्यांच्या मागं. मध्यंतरी मॅडमनी एक नवीन तपासणी सुरू केली. तिसऱ्या महिन्यात आईचं रक्त घ्यायचं. बाळाची वार त्यात एक पदार्थ सोडते. तो कमी निघाला, तर त्या बाईचं पुढं बीपी वाढून झटके येण्याचा धोका जास्त. आधी कळलं तर औषध देता येतं.

हे मी पहिल्या गुरुवारी सगळ्या शास्त्रासकट वीस मिनिटं समजावलं. बायका जांभया द्यायला लागल्या. शेवटी मागून एक सासूबाई म्हणाल्या, "आगं, म्हंजी भाताच्या तरव्यासारकंच की. रोप पिवळं दिसलं की लावनीआदीच कळतंय, औंदा खाचरात काय दिवं लागनार ते. मग तवाच खत टाकायचं."

मॅडम माझ्याकडं वळल्या. "कविता, पुढच्या गुरुवारपासून एवढंच सांग."

या सासूबाई म्हणजे गयाबाई.

* * *

तपासणी कळली म्हणून गयाबाई सुनेचं रक्त सुखासुखी काढू देतील, असं थोडंच आहे? मागच्या खेपेला सुनेला आठव्या महिन्यात झटके आले होते. ती कशीबशी वाचली, बाळ गेलं. त्यामुळं या खेपेला गयाबाई तिच्या आसपास कुणाला फिरकू देत नव्हत्या. मी ट्रेमध्ये दोन ट्यूब ठेवल्या, तशा त्या उठल्याच.

"दोन? मग पोटातल्याला काय ऱ्हाईल?"

"मावशी, दोन चमचे रक्त आहे."

"मग आदी तुमचं काडा. बगू तरी काय हुतंय."

आता एक गुपित. अकरा वर्षं मी लोकांना टोचतेय, पण स्वतःला टोचून घ्यायची मला भारी भीती. मॅडमना हे माहीत आहे. त्यांनी अगदी आनंदानं सुई उचलली. मी डोळे मिटले, बहुतेक "आई गं" म्हणाले. डोळे उघडले तर गयाबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

"झालं बाय, झालं." मग सुनेकडं वळून म्हणाल्या, "तू बस गं आता. तुला न्हाई एवढं दुकायचं. ही लई नाजूक हाय."

* * *

नमुने थंडच पोचावे लागतात. त्या आठवड्यात नेणारा माणूस आला नाही, म्हणून मीच आइसबॉक्स मांडीवर घेऊन एसटीत बसले. शिवऱ्याला एक काका चढले आणि शेजारी टेकले.

"मासळी का?"

"नाही हो, रक्त."

काका पुढच्या सीटवर गेले. तिथल्या बाईंच्या कानात काहीतरी बोलले, मग त्याही उठल्या. स्वारगेटपर्यंत मी पाय पसरून गेले. येताना बॉक्स रिकामा होता, गाडीत चिक्कार गर्दी, आणि एका मुलीनं विचारलंच, यात काय आहे. मी काय सांगितलं असेल, तुम्हीच ओळखा.

* * *

रिपोर्ट आले. एक वाईट होता, रूपाली नावाच्या बाईचा. फॉर्मवरच्या मोबाईलवर मी फोन लावला, एका माणसानं उचलला.

"रूपालीचा रिपोर्ट आलाय."

"कोन रूपाली? राँग नंबर."

मी पुन्हा लावला, त्यानं पुन्हा कापला. तिसऱ्यांदा तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, माजं लगीन झालंय. बायकू पोटुशी हाय. ह्ये आसले फोन बरं न्हाईत."

विंझरच्या आशा सेविका मंगलताई हे ऐकून पोट धरून हसल्या. "आवो, लग्नात नाव बदललं आसंल तिचं. आधार कार्डावर माहेरचंच ऱ्हायलं." मग त्या घरोघर विचारत सुटल्या, तुमच्या सुनंचं माहेरचं नाव काय? दोन सासवांना ते सांगताच येईना. तिसरं घर गयाबाईंचं.

"आमी सोनालीच म्हनतो हिला. पन आंबवड्यासनं आली तवा रूपाली हुती खरी."

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा दवाखान्यात आला तो मान खाली घालूनच. मॅडमनी स्वतःच्या हातानं त्याच्या मोबाईलमध्ये बायकोची दोन्ही नावं सेव्ह केली. मी मात्र तेव्हा हसले नाही. मला त्या पोरीची काळजी लागली होती.

* * *

मॅडमनी ऍस्पिरिनची छोटी गोळी लिहून दिली, रोज झोपताना एक. गयाबाईंनी पाकीट उलटंपालटं केलं. "ही तर आमचे दीर खात्यात, हार्टवाले. माज्या सुनंचं काळीज चांगलं हाय."

मॅडम म्हणाल्या, "हे तुमचं खत समजा."

झालं. त्या दिवसापासून टीव्हीवरची मालिका संपली की गोळी, आणि गोळी झाली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर कुंकवाचा ठिपका. दर तपासणीला गयाबाई खिळ्यावरचं कॅलेंडर काढून, गुंडाळी करून सोबत आणायच्या. एका तारखेला ठिपका चौकटीच्या पार वरच्या कडेला होता.

"हे काय, मावशी?"

"त्या दिशी गिरान हुतं. लागायच्या आत, दिस आसतानाच दिली. उगं डाक्टरचं बी मोडाय नगं आन देवाचं बी."

मॅडमनी केसपेपरवर लिहिलं, 'गोळ्या नियमित'.

* * *

आठवा महिना लागला आणि पोरीचं बीपी चढलं, पायांवर सूज आली. मॅडमनी तिला ठेवून घेतलं आणि पुन्हा रक्त पुण्याला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत गयाबाई पाण्याचा घोट घेईनात. रिपोर्ट बरा निघाला. घाई करायची गरज नाही, लक्ष ठेवून थांबता येईल, असं मॅडम म्हणाल्या. थांबलो. बीपी रोज दोनदा बघितलं. नववा महिना लागून बरेच दिवस झाल्यावर पोरीला मुलगी झाली, जन्मल्याबरोबर सगळा दवाखाना डोक्यावर घेणारी. मंगलताईंनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

दुपारी मी लॅबमध्ये एकटीच होते. गयाबाई आत आल्या, खुर्चीवर बसल्या, चोळीची बाही वर सारली आणि हात टेबलावर ठेवला.

"माजं बी काडा."

"तुमचं कशाला, मावशी? काही होतंय का?"

"आता न्हाई काय. ह्यो थोरला व्हायच्या आदी माजी दोन गेली. दोनी बी आठव्यातच. पाय आसंच सुजायचं, मग दातखीळ बसायची. घरची म्हनली, बाहेरचं हाय. सासूनं लिंबं उतरली. मला कुनी इचारलं न्हाई." त्यांनी हात आणखी पुढं सरकवला. "बगा तरी. माज्या रगतात काय हुतं ते."

एवढ्या वर्षांनी त्यातून काहीच कळत नाही, हे मला ठाऊक होतं. मॅडम दारात येऊन उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं.

मॅडम म्हणाल्या, "घे, कविता. दोन ट्यूब घे."