तिच्या नंबरावरून पडलेलं मत

मी सातवीपर्यंत शिकलो. लिहायची सवय नाही. बोलतो तसंच लिहितोय, कुणाला लागलं तर लागू दे.

आमच्या मराठी मंडळाला यंदा नवा अध्यक्ष मिळाला. चाळिशीचा माणूस, अबुधाबीला अल रीम आयलंडवर राहतो, कुठल्याशा कंपनीत मोठा साहेब आहे. मंडळातले बहुतेक लोक असेच, पुण्या-मुंबईचे, शिकलेले, पगारदार. मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात एका कारखान्यात वेल्डर म्हणून लागलो आणि फोरमन होऊन घरी बसलो. आता शारजात रोल्लाला मुलाकडे असतो. या साहेब लोकांत मला जागा होती ती बायकोमुळे. कुणाच्या घरी बाळंतपण, कुणाची आई आजारी, सगळं तिला माहीत. मंडळाची फॅमिली मेंबरशिप तिच्या नावावर, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपात नंबरही तिचाच. सकाळी चहा घेताना ती ग्रुपातलं मोठ्याने वाचायची आणि मी ऐकायचो. माझा फोन फक्त बोलायला.

ती पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी गेली. दवाखान्यात, तीन दिवसांत खलास. मुलगा कंपनीच्या कामाला कोरियात होता. सून एकटी, पदरात दोन पोरं. तिने घाबरून अध्यक्षाला फोन लावला, कारण मंडळाच्या यादीत पहिला नंबर त्याचा होता. तो दीड तासात शारजाला आला. या देशात माणूस मेला की किती कागद लागतात ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच ठाऊक. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, इथे शिक्का, तिथे सही, मध्येच कुणीतरी म्हणतो उद्या या. तो दोन दिवस माझ्याबरोबर होता. पाडव्याला दुपारी मुलगा विमानतळावरून थेट जबल अलीच्या स्मशानात आला, तेव्हा सगळं तयार होतं, आणि रात्री आम्ही घरी पोचेपर्यंत हा बरोबरच होता.

त्याच संध्याकाळी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम होता. अध्यक्षाचा पहिलाच. मी त्याला म्हणालो होतो, "आज कुणाला काही कळवू नकोस. पोरंटोरं नटून येणार, सणाचा विचका नको. तिला आवडणार नाही." त्याने ऐकलं. "वैयक्तिक कारणाने येऊ शकत नाही," एवढंच ग्रुपात टाकलं आणि तिची बातमी दुसऱ्या दिवशी दिली.

कार्यक्रमाचा बट्ट्याबोळ झाला. माईक चालेना, पाहुणा तासभर ताटकळला, श्रीखंड अर्ध्या पंगतीत संपलं. तिथून पुढे अध्यक्षाचं नाव खराब. मला वाटलं, तो दोन दिवस कुठे होता ते आता तरी लोकांना कळलं असेल. कुणाला कळलं नव्हतं. सगळ्यांना वाटलं, मुलानेच केलं सगळं.

तिचा नंबर ग्रुपातून काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. मी तो फोन रोज चार्ज करायचो आणि सकाळी चहाबरोबर तिच्यासारखाच ग्रुप वाचायचो. मोठ्याने नाही. हळूहळू, अक्षर लावत.

मग आमचे माजी अध्यक्ष. बँकेतून रिटायर झालेले, टीव्हीवर अमेरिका बघणारे. तिकडे नवा प्रेसिडेंट आला की शंभर दिवसांनी लोकांना विचारतात, कसा वाटतो, किती टक्के खूश. ते बघून यांनी ग्रुपात टाकलं: "अध्यक्षांचे पहिले शंभर दिवस. आपलं मत नोंदवा." खाली चार पर्याय. उत्तम, चांगलं, ठीक, निराशाजनक.

दोन दिवस लोक दाबत होते. 'निराशाजनक'च्या पुढे नावांची रांग. 'उत्तम'च्या पुढे एकच नाव, ते अध्यक्षाच्या बायकोचं. खाली शेरे. "हा माणूस फोनच उचलत नाही." "पाडव्याला गायब, आणि म्हणे पर्सनल रीझन." "अध्यक्षाला पर्सनल काय असतं, हबीबी?" कुणी लिहिलं, श्रीखंडाचा हिशेब मागा.

माझं डोकं सणकलं. ज्याने माझ्या बायकोसाठी दोन दिवस पायाचे तुकडे पाडून घेतले, त्याला हे लोक श्रीखंडावरून मोजतात. मी चष्मा लावला आणि 'उत्तम' दाबलं.

मला हे कळायला हवं होतं, पण नाही कळलं. 'उत्तम'च्या खाली नाव आलं तिचं. गेलेल्या बाईचं.

पहिल्यांदा कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं. मग कुणी विचारलं, "हे काय?" मग एकाने लिहिलं, "अध्यक्षांना वरूनही पाठिंबा आहे," आणि त्यावर दहा जणांची हसरी तोंडं. त्यातल्या तिघांच्या घरी बाळंतपणात तिने डबे पोचवले होते.

मी घाबरून परत दाबलं. मत पुसलं गेलं. ते तर आणखीच वाईट. माजी अध्यक्षांनी लगेच लिहिलं: "स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे. दिवंगत सभासदांच्या नावाने मतं कोण टाकतं आणि कोण पुसतं? अध्यक्षांनी शनिवारच्या सभेत खुलासा करावा. अन्यथा राजीनामा."

मी मुलाला फोन दाखवला.

"बाबा, कशाला हात लावलात?"

"लावला. आता लिही, म्हाताऱ्याने चुकून केलं. आणि ते दोन दिवस तो कुठे होता तेही लिही."

"चुकून झालं एवढं लिहितो. बाकीचं नको."

"का?"

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "लोक विचारतील ना, मुलगा कुठे होता."

"कोरियात होता. दारू पीत नव्हता, काम करत होता."

"बाबा, प्लीज," मुलगा म्हणाला. "मी बघतो." फोन त्याने ठेवून घेतला, आणि दोन दिवस काही बघितलं नाही. चुकून झालं एवढंसुद्धा त्याच्याने लिहवलं नाही. ते लिहिलं की पुढचा प्रश्न येणारच होता.

अध्यक्षाचा मला फोन आला. "काका, तुम्ही दाबलं का?"

"मीच."

"असू दे. मी सांगतो, टेक्निकल गडबड झाली."

"गडबड माझी आणि खोटं तू बोलणार?"

"काका, सणाच्या दिवशी कळवू नको असं तुम्ही म्हणालात, मी शब्द दिला. आता ते काढून मतं मिळवायची? काकूंच्या नावावर? मला नको."

"मग जा घरी राजीनामा देऊन," मी म्हणालो आणि फोन ठेवला. राग त्याचा नव्हता. त्या दिवशी शहाणपणा मीच केला होता.

शनिवारी दुपारी मी मुलाला म्हणालो, मला सभेला सोड, नाहीतर टॅक्सी करतो. त्याने गाडी काढली.

रोल्लाच्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये पन्नास-साठ जण. माजी अध्यक्ष मोबाईल हातात घेऊन उभे. "दिस इज अ मॅटर ऑफ ट्रस्ट," वगैरे. समोर अध्यक्ष मान खाली घालून बसलेला. त्याला बोलता येत नाही, हे खरंच आहे. पदासाठी ते वाईटच.

मी हात वर केला नाही, उभाच राहिलो.

"ते मत मी टाकलं. बायकोचा फोन माझ्याकडे असतो. मला कळत नाही त्यातलं. पुसलं तेही मीच. याला काही माहीत नव्हतं."

"काका, बसा, आपण समजून घेऊ," माजी अध्यक्ष म्हणाले.

"समजून मग घ्या, आधी ऐका. पाडव्याला हा गायब होता ना? माझ्याबरोबर होता. आदल्या दिवशी सकाळपासून. दवाखाना, कागद, शिक्के, जबल अली. ती गेल्याचं तुम्हाला सांगू नको असं मीच म्हणालो होतो, तुमचा सण खराब नको म्हणून. तुम्ही श्रीखंड संपलं म्हणून ओरडलात त्या दिवशी हा माझ्या बायकोला खांदा देत होता."

मागून एक बाई म्हणाली, "पण मग मुलगा..."

मी तोंड उघडायच्या आत माझा मुलगा दाराजवळून बोलला. तो गाडीत बसला असेल असं मला वाटत होतं. "मी दुपारी पोचलो. तोवर सगळं यांनी केलं. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं." आणि तो तिथेच उभा राहिला, खुर्ची असूनही.

मला वाटलं, आता तरी सगळे गप्प होतील. कसले होतात. एक जण म्हणाला, "भावना वेगळ्या, मॅनेजमेंट वेगळं. कुणाला तरी चार्ज देऊन जायचं होतं." दुसरा म्हणाला, "माईक तर आधी चेक करता आला असता." बरोबर होतं त्यांचं. म्हणून तर जास्त चीड आली.

राजीनाम्याचं मात्र कुणी परत काढलं नाही. माजी अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "ओके, मग नियमाप्रमाणे तो नंबर ग्रुपातून काढायला हवा. म्हणजे पुन्हा प्रश्न नको."

अध्यक्ष पहिल्यांदा मान वर करून ठाम बोलला. "तो नंबर राहील. ते मी करणार नाही."

लगेच कुजबुज. नियम सगळ्यांना सारखा, हा बघा, आपल्या माणसांना वेगळा लावतो. मला दिसलं, हा परत त्याच खड्ड्यात पडतोय, आणि परत माझ्यामुळेच. मी पुढे गेलो.

"काढ."

"काका, राहू द्या ना."

"काढ म्हणतो ना. तिला तुमच्या भांडणात कशाला ठेवतोस?"

त्याने काढला. मुलाच्या खिशात तिचा फोन एकदा थरथरला. मुलाने तो काढून माझ्या हातात दिला. त्यात लिहिलं होतं ते मी तिथे वाचलं नाही.

मग मुलाने माझ्या फोनात व्हॉट्सअ‍ॅप टाकलं, अध्यक्षाने माझा नंबर घातला, आणि नव्याला जुनं दिसत नाही म्हणून माजी अध्यक्षांनी ते चार पर्याय परत टाकले. मी मुलाला म्हटलं, ते पर्याय कुठून दाबायचे ते दाखव. त्याने दाखवलं. मी विचार करून 'चांगलं' दाबलं. 'उत्तम' नाही. माईक तपासायला हवा होता, आणि जाताना एखाद्याला सांगून जायला हवं होतं. खाली माझं नाव आलं. इतकी वर्षं आमच्या घरचं मत तीच द्यायची, मी नुसता चहा प्यायचो.

"काका, एक पायरी खाली आणलंत मला," अध्यक्ष म्हणाला.

"पुढच्या वेळी माईक तपास," मी म्हणालो.