आईचं काम

"आडनाव काय म्हणालात?"

मी सांगितलं. इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी कार्यक्रमाची यादी खाली ठेवली. "अच्छा, अच्छा. मग असं कर, वाचन आमची मिसेस करेल. तिचे उच्चार स्वच्छ आहेत. हॉल झाडून परत द्यावा लागतो, तेवढं शेवटी तू बघ."

दोन वाक्यांत मी 'तुम्ही'ची 'तू' झाले. डब्लिनमध्ये वीस वर्षं काढलेला माणूस. ऑफिसात आयरिश साहेबाला नावाने हाक मारतो, इथे कशी समानता आहे म्हणून गोडवे गातो. आपल्यातल्या कोणाचं आडनाव कानावर पडलं की मात्र याच्या डोक्यातलं गाव जागं होतं.

वाचायचा मजकूर माझा होता. इकडे आयर्लंडमध्ये, ॲथलोन नावाच्या लहानशा गावी येण्याआधी मी चार वर्षं स्वीडनमध्ये नोकरी केली, तिथली भाषा शिकले. तिथल्या एका म्हाताऱ्या लेखिकेच्या आयुष्यावर मी मराठीत पुस्तक लिहीत होते, त्याचंच हे पहिलं प्रकरण. तिची आई शाळेचे संडास धुवायची. त्याच शाळेत ही शिकायची, आणि वर्गातल्या पोरी हिला बघून नाक धरायच्या. पुढे तीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या पुस्तकांची भाषांतरं केली. साठीला आली तेव्हा स्वतःचं पुस्तक लिहिलं. पहिल्याच वाक्यात आईचं काम सांगितलं. मीही तिथूनच सुरुवात केली होती.

कार्यक्रमात मी मागच्या रांगेत जाऊन बसले. हो, बसले. तेव्हा तेवढाच दम होता.

अध्यक्षांच्या बाई वाचू लागल्या. उच्चार खरंच स्वच्छ. "लेखिकेचा जन्म एका गरीब पण सुसंस्कृत घरात झाला."

हे मी लिहिलंच नव्हतं. उठून अध्यक्षांपाशी गेले, विचारलं.

"अगं, लोकांना नंतर जेवायचंय," ते हळूच म्हणाले. "जरासं एडिट केलं. ग्रँड झालंय, बस."

यांना संडास रोज लागतो. धुणारी बाई तेवढी जेवणाआधी चालत नाही. थू.

आणि त्याच रागात मला माझीच किळस आली. माझी आई नागपूरला रस्ते झाडायची. इथे कोणी विचारलं की मी म्हणायचे, "आई महानगरपालिकेत होती." समोरचा तिला कारकून समजायचा. मी समजू द्यायचे. या माणसाने एका परक्या बाईच्या आईवर काट मारली होती. मी इथे आल्यापासून सात वर्षं माझ्या आईवर मारत होते.

मी स्टेजवर गेले. बाईंच्या हातातून कागद घेतले.

"हा मजकूर माझा आहे. पहिलं वाक्य मला न विचारता बदललंय. लेखिकेची आई शाळेचे संडास धुवायची. माझी आई नागपूरचे रस्ते झाडायची. पुढचं मी वाचते."

कोणी टाळी वाजवली नाही. पुढच्या रांगेतल्या बायका मोबाइलमध्ये शिरल्या. अध्यक्ष दाराशी जाऊन कोणाशी तरी हसत बोलत राहिले. समोरासमोर भांडायचीही हिंमत नाही. मी शेवटपर्यंत वाचलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज आला. "छान लिहितेस. पण इथे जातीचं राजकारण नको. पुढच्या वेळी आधी मला दाखव."

जात हा शब्द मी उच्चारलाही नव्हता.

मी उत्तर पाठवलं. "दाखवणार नाही. पुस्तक पूर्ण होतंय. तिच्या आईचं काम त्यात राहील, माझ्या आईचंही. तुमच्या मंडळात चालणार नसेल तर दाराबाहेर फुटपाथवर उभी राहून वाचेन. आत बसून तुम्हाला ऐकू येईल, एवढ्या मोठ्याने."