चक्की बंद करून बोलणारा

नंदनवन वस्तीतल्या आमच्या चक्कीवाल्याचे दोन्ही हात सदा पिठात असतात. म्हणून तो फोनमधल्या एआयला टाइप न करता तोंडानेच विचारतो आणि ते बाईच्या आवाजात उत्तर देतं. आमच्याशी तो चालू चक्कीतच ओरडून बोलतो. त्या बाईसाठी मात्र चक्की थांबवतो, टोपी नीट करतो आणि शाळेतल्या मास्तरासारखं बोलतो. एकदा गव्हाला लागलेल्या किडीचं विचारून शेवटी तिला धन्यवादही म्हणाला. आम्हाला कधी म्हणाला नाही.

मला ती बाई पटत नाही. जिचं आपल्याकडे काही काम नाही, ती इतकं गोड कशाला बोलेल?

परवा मी न्हाणीत पडले. मुलाला कळलं तर तो मला पुण्याला नेईल आणि इथल्या घराला कुलूप लावील. म्हणून चक्कीच्या आवाजात मी फक्त चक्कीवाल्याच्या कानात सांगितलं. त्याने लगेच चक्की बंद केली.

"एक वृद्ध महिला स्नानगृहात पडल्या आहेत," तो फोनला म्हणाला.

रांगेतल्या बाया इकडेतिकडे पाहू लागल्या. मीही पाहिलं, जणू दुसरीच कोणी पडली होती.

"त्यांना चक्कर येते का?" फोनने विचारलं.

"सांगा ना काकू, ती विचारून राहिली."

आता सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या.

"तिले काहून सांगू? चक्की लाव गा."

त्याने चक्की पुन्हा चालू केली. मी फोन पालथा घातला, त्याच्या कानाशी गेले आणि म्हणाले, "येते चक्कर."