दुसऱ्या भागातला गोल

करार मीच वाचला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझ्या भावाला किंवा पुण्याच्या त्या कंपनीला बोल लावायला लागलं, तर मलाही त्यात धरावं. घरात इंग्रजी येणारी मी एकटी. बी.ए.ला इंग्रजी घेतलेलं, त्यामुळं गल्लीतल्या कुणाची औषधाची चिठ्ठी असो की बँकेचं पत्र, सगळं माझ्यापुढं यायचं आणि मीही मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवायचे. तो तोराच मला नडला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात तो संगणकावर साच्यांची ड्रॉइंगं काढायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मालकानं नवा संगणक घेतला आणि जुना दादाला देऊन टाकला. तो आमच्या पुढच्या खोलीत आईच्या शिलाई मशीनशेजारी येऊन बसला. शिकवणारं कोणी नव्हतं. जुन्या बाजारातनं पुस्तकं आणून, आकृत्या बघून बघून, कुठं अडलं की मला एखादी ओळ विचारून दादा प्रोग्रॅम लिहायला शिकला. आई म्हणायची, ह्या डब्यापुढं बसून ह्याचं लग्न राहणार. तसं काही झालं नाही, पण वहिनीला आजही त्या डब्याचा राग आहे.

आबा, आमचे वडील, पेठेच्या तालमीचे गोलकीपर. बाहेरगावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. आमच्याकडं कोल्हापुरात तालमी नुसत्या कुस्तीच्या नसतात, त्यांचे फुटबॉलचे संघ असतात, आणि पेठापेठांत त्यावरून असं हाडवैर असतं की सामन्याच्या आठवड्यात सोयरीकसुद्धा पुढं ढकलतात. आबांची एक सवय होती. समोरचा पेनल्टी मारायला आला की ते गोलसमोरची चिमूटभर माती उचलून कपाळाला लावायचे, मग दोन्ही खांबांना टाचेनं एकेक ठोकर द्यायचे, आणि मगच उभे राहायचे. अख्खं मैदान तोपर्यंत गप्प व्हायचं म्हणे. मी लहान होते, मला फक्त हलगीचा आवाज आठवतो.

बारा वर्षं त्यांनी गोल राखला. पण लोकांनी लक्षात ठेवला तो एकच. पलीकडच्या पेठेशी फायनल, शेवटचं मिनिट, पेनल्टी. आबांनी माती लावली, खांब ठोकले आणि उजवीकडं उडी घेतली. चेंडू डावीकडनं आत गेला. त्यानंतर ते पुन्हा खेळले नाहीत. वीस वर्षांनीसुद्धा पानपट्टीवर कुणीतरी विचारायचंच, "काय आबा, डावीकडं काय इस्तू ठेवला हुता काय?" आबा त्यांच्याबरोबर हसायचे आणि घरी आल्यावर जेवताना कुणाशी बोलायचे नाहीत. मला त्या पानपट्टीवाल्यांचा इतका संताप यायचा की काय सांगू. लेको, तुम्ही आयुष्यात काय अडवलंत?

मग आबांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, आणि ते खिडकीजवळच्या कॉटवर पडून राहिले. दादानं गेम करायला घेतला तो त्यांच्यासाठी. संगणकावरचा फुटबॉल, आपल्या पेठेचा संघ विरुद्ध पलीकडच्या पेठेचा. कारखान्यातनं आला की भाकरी खाऊन तो त्यालाच बसायचा. हलगी वाजवणाऱ्याला घरी बोलावून त्यानं आवाज भरून घेतला. पुरा झाला त्या दिवशी संगणक ओढत कॉटजवळ नेला. पडद्यावरचा अंगठ्याएवढा गोलकीपर खाली वाकला, माती उचलली, कपाळाला लावली, डावा खांब ठोकला, उजवा ठोकला. आबा बघतच राहिले. मग म्हणाले, "च्या मायला, ह्यो तर मीच हाय की!" आणि रडायला लागले. आम्हीही सगळे रडलो. आईनं तर पडद्यावरनं हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली.

जरा वेळानं आबांनी विचारलं, "आणि त्यो गोल?"

दादा म्हणाला, "ह्यात न्हाय घातला, आबा. दुसऱ्या भागात घालतो. ती फायनल हाय तशी करतो, शेवटच्या मिनिटापातूर. ह्या खेपेला डावीकडं उडी मारायची तुम्ही."

आबांनी डावा हात पुढं केला. "शब्द दे."

दादानं त्यांच्या हातावर हात ठेवला. झालं हे एवढंच. पण त्या दिवसापासनं आबा दुसऱ्या भागाची वाट बघत जगले, हे मी शपथेवर सांगते. डॉक्टरांनी सांगितलेले हाताचे व्यायाम जे आधी शिव्या देऊन टाळायचे, ते करायला लागले. डाव्या हाताला बटण दाबता आलं पाहिजे म्हणून.

त्याच सुमाराला बटणांचे मोबाईल आले आणि त्यांच्यावर खेळायच्या छोट्या छोट्या गेम आल्या. पुण्याची एक कंपनी अशा गेम शोधून विकायची. कारखान्यातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून दादानं आपली पाठवून दिली आणि पंधरा दिवसांत करार घरी आला. बारा पानं इंग्रजी.

मी कॉटजवळ बसून वाचला. एकेक कलम वाचायचं आणि मराठीत सांगायचं. सातव्या का आठव्या पानावर लिहिलं होतं की ही गेम, तिचं नाव, तिच्यातली पात्रं आणि यापुढं तिचे जेवढे भाग निघतील ते सगळे कायमचे कंपनीचे. मला एकही शब्द अडला नाही. सगळं समजलं, आणि तरीही मी उलटंच समजले.

कारण आमच्या डोक्यात तालीम. बाहेरचा एखादा पोरगा, समजा कागलचा, तालमीनं खेळायला घेतला की तो पेठेचा होतो. त्याला रतीबाचं दूध लावतात, रोज एकेका घरी त्याचं जेवण, पुढं कुणीतरी त्याला नोकरीला चिकटवतं, त्याच्या लग्नात अख्खी तालीम वाढायला उभी राहते. 'आता तू कायमचा आमचा' ह्याचा अर्थ आमच्याकडं, तुझं आता आम्ही बघणार. ते कलम वाचताना मला हेच दिसलं. मी आनंदानं ओरडले, "दादा, फुडचे भागबी त्येच काढणार हाईत! कायमचं घेतलंय आपल्याला!"

आबा म्हणाले, "मग तालमीगतच की. कर सही."

दादानं पेन कपाळाला लावलं आणि सही केली. आईनं पेढे वाटले. पानपट्टीवरसुद्धा पाठवले.

गेम मोबाईलवर आली तेव्हा आम्ही आबांच्या फोनवर ती मेसेज करून मागवली. पेठा गेल्या होत्या, त्यांच्या जागी कुठलीतरी दोन खोटी शहरं. हलगी नव्हती. गोलकीपर नुसता ताठ उभा राहायचा. दादानं फोन करून विचारलं, तर म्हणाले, फोनमध्ये जागा कमी असते, माती लावायची चित्रं बसत नाहीत, आणि ते बाहेर कुणाला कळणारही नाही. दादा दोन दिवस जेवला नाही नीट. मग स्वतःच म्हणाला, "जाऊ दे. दुसऱ्यात घालू." आबांनी ती गेम पुन्हा काही उघडली नाही.

दुसऱ्या भागाला दीड वर्ष गेलं. दादा आबांकडनं सगळं काढून घ्यायचा. ऊन कुठल्या बाजूनं होतं, खांबाला चुना होता का, पेनल्टी मारणारा किती पावलं मागं गेला. आबांना हे सगळं पाठ होतं. कुणाला सांगायला मिळालं नव्हतं इतकंच. सीझनच्या पहिल्या सामन्याच्या दिवशी आबांना दाखवायचं ठरलं. तोवर दोस्तांकडनं तपासून घ्यावं म्हणून दादानं ती तालमीत नेली, आणि तिथंच घात झाला. कुणीतरी कौतुकानं सीडी काढली, कुणी ती नेट कॅफेत दिली, आठ दिवसांत अर्धं कोल्हापूर खेळायला लागलं. मग कंपनीचं पत्र आलं.

तेही मीच वाचलं. ह्या वेळेला बरोबर समजलं: दुसरा भागही कंपनीचाच, तो वाटणं थांबवा आणि सगळ्या प्रती पुसून टाका.

आम्ही दोघं पुण्याला गेलो. समोरचा साहेब सभ्य होता, चहा मागवला, दादाला 'सर' म्हणाला. दादा म्हणाला, "माझं काय म्हणणं न्हाय साहेब. तुमची हाय तर तुमीच काढा दुसरा भाग. माझं नाव बी नगं."

"आम्ही तो काढणार नाही. फुटबॉलचं आम्ही बंद केलंय, आता सगळं क्रिकेटवर आहे. पहिला भागही नव्या फोनवर चालत नाही."

"मग मी काढतो की."

"तसं नाही करता येणार. हक्क आमच्याकडे आहेत."

माझा पारा चढला. म्हटलं, "स्वतः करणार न्हाय आणि दुसऱ्याला करू देणार न्हाय, ही कसली तऱ्हा?"

तो शांतपणे म्हणाला, "करारात आहे मॅडम. तुम्ही वाचला असेलच."

दादानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मुद्दाम बघितलं नाही, मला लाज वाटू नये म्हणून. मग त्यानं विचारलं, एक प्रत घरात ठेवली, फक्त वडलांपुरती, तर चालेल का. साहेब म्हणाला की त्याच्या हातात काही नाही, कागदावर 'एकही प्रत ठेवणार नाही' असंच लिहून द्यावं लागेल. दादानं लिहून दिलं.

आणि माझा हा खुळा भाऊ, घरी आला आणि त्यानं खरोखर सगळं पुसून टाकलं, संगणकावरचा पहिला भागसुद्धा! मी हातापाया पडले. म्हटलं, अरे आपल्या खोलीत कोण बघायला येणार हाय? आबांना एकदा दाखव, मग पूस. तो म्हणाला, "लिहून दिलंय मी." मी म्हटलं, "आणि आबांना शब्द दिलावतास त्यो?" त्यानं गाडीची चावी घेतली आणि रंकाळा तळ्यावर जाऊन बसला. दीड वर्षाचं काम, आबांच्या तोंडनं आलेली एकेक गोष्ट, सगळं गेलं. गावातल्या सीड्या तालमीच्या पोरांनी दादाच्या शब्दाखातर गोळा करून मोडल्या. मला त्यानं एकदा तरी म्हणायला हवं होतं, की तूच वाचलावतास की. शिव्या द्यायला हव्या होत्या. कधीच दिल्या नाहीत, आणि ते मला आजवर सोसत नाही.

आबांना सांगायचं धाडस कुणाला झालं नाही. ते रोज विचारायचे, "आला का दुसरा?" आम्ही म्हणायचो, जरासं राहिलंय. तशात त्यांना दुसरा झटका आला. डॉक्टर म्हणाले, आता दिवस मोजायचे. कंपनीही तोवर बंगळूरच्या कुणीतरी विकत घेतली होती. दादानं त्यांना परवानगीसाठी दोन पत्रं धाडली, मीच लिहिली ती, पण उत्तर आलं नाही. त्यांच्याकडं असलं काही आहे हे तरी त्यांना ठाऊक होतं का, देव जाणे.

शेवटी मीच ठरवलं. आबांचा तो जुना फोन चार्ज केला. दादाला म्हटलं, ह्यातली पेनल्टी त्यांना दाखवते आणि सांगते हाच दुसरा भाग. त्यांना आता कुठं नीट दिसतंय. दादा म्हणाला, "माझ्याच्यानं बघवणार न्हाय," आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला.

दुपारची वेळ होती. मी आबांना उशीला टेकवून बसवलं. "आबा, आला बघा दुसरा भाग. फायनल हाय. शेवटचं मिनिट." त्यांचे डोळे उघडले. मी फोन त्यांच्या डाव्या हातात दिला आणि त्यांचा अंगठा माझ्या हातानं बटणावर धरला. समोरचा पळत आला. मी त्यांचा अंगठा दाबला. गोलकीपर डावीकडं झेपावला आणि चेंडू हाताला लागून बाहेर गेला.

आबांनी फोनकडं बघितलं, मग दाराकडं बघितलं. दारातनं पायरीवर बसलेल्या दादाची पाठ दिसत होती. आणि ज्या माणसाला पाणी मागायला दोनदा श्वास घ्यावा लागत होता, त्यानं सगळा जीव गोळा करून आरोळी दिली, "अडिवला! अडिवला की रं!"

दादा तोंड झाकून तिथंच हमसून हमसून रडायला लागला.

आबांनी मला खूण करून जवळ बोलावलं. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला. "पोरी, त्यानं माती लावली न्हाय," ते म्हणाले. "दादाला सांगू नगंस."

चौथ्या दिवशी आबा गेले.

दर वर्षी त्यांच्या तिथीला जेवणं झाली की दादा पायरीवर बसतो आणि म्हणतो, "एवढं एक बरं झालं बघ. खोटं का असंना, आबांनी गोल अडिवला. त्यांना कळलं न्हाय."

मी व्हय म्हणते.