बोटांनी वाचायचं घड्याळ

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अशा माणसाने लिहायला बसणं जरा आगाऊपणाचंच आहे, त्याबद्दल माफ करा.

वडील चोपड्याकडे केळीच्या बागांत घड वाहायचे. शुगरने त्यांची नजर गेली, तरी घडावर हात फिरवून त्यात किती फण्या आहेत ते बरोबर सांगायचे. वेळ मात्र दुसऱ्याला विचारावी लागे. "कितला वाजनात रे?" असं विचारताना त्यांचा आवाज ओशाळा व्हायचा. मला ते ऐकवत नसे.

जळगावला डिझाइनच्या वर्गात वेगळं मनगटी घड्याळ सुचवायला सांगितलं, तेव्हा मला तो घड आठवला. काटे नाहीत, काच नाही. कडेने बारा बारीक, उंच फण्या. तास सरला की एक फणी खाली दबते. दबलेल्या फण्या बोटांनी मोजायच्या, तेवढे वाजले.

फोनवर सांगितलं तर वडील हसले. "मना हातले केयीना घड बांधशी का काय?" मग हळूच म्हणाले, "लवकर कर, भाऊ."

नमुना नीट चालायला सगळा उन्हाळा गेला. तो चालला त्याच दुपारी बहिणीचा धुळ्याहून फोन आला. तिने वडिलांना तिथे दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की शुगरमुळे आता बोटांचीही जाणीव गेली आहे आणि ती परत येणार नाही. सकाळी त्यांना स्वतःच्या शर्टाचं बटणही लावता आलं नव्हतं.